गोचिडीपासून होणारा पांढरा-पिवळा ताप आणि त्यावरील प्रतिजैविक उपचार

पावसाळा संपत आला म्हणजे गुरांच्या दवाखान्यात एक तक्रार वारंवार ऐकू येते. चांगली दुभती संकरित गाय तीनचार दिवसांपासून खात नाही, दूध एकदम निम्म्यावर आले आहे, शेण कोरडे पडले आहे, आणि डोळ्यांच्या पापण्या आतून पाहिल्यास प्रथम पांढऱ्याफटक व नंतर पिवळसर दिसतात. घरची मंडळी तिला कावीळ झाली असे समजतात. कोणी झाडपाला देतो, कोणी दुकानातून पेनिसिलीनची बाटली आणून टोचतो. त्यातच आणखी तीनचार दिवस जातात. शेवटी गाय दोरीला धरून दोनतीन मैलांवरच्या दवाखान्याकडे चालवीत नेली जाते आणि वाटेतच धापा टाकीत खाली बसते. ती पुन्हा उठत नाही. दवाखान्यात पोहोचल्यावर सुई टोचताच एखादी गाय दगावली, तर दोष सुईच्या माथी येतो आणि पुढच्या वेळी तो शेतकरी औषध देण्यास आणखी उशीर करतो.

हा रोग म्हणजे ॲनाप्लाझ्मोसिस होय. तो गोचिडीमुळे पसरतो आणि त्याच्यावर खात्रीचे औषध आहे. असे असूनही जनावरे दगावतात, याचे कारण औषधाचा अभाव हे नसून, चुकीचे औषध, योग्य औषधाची अपुरी मात्रा आणि उपचारास झालेला उशीर ही तीन कारणे आहेत. ती टाळावयाची असल्यास हे औषध शरीरात काय करते व काय करू शकत नाही, हे ग्रामसेवकांनी व पशुपालक बंधूंनी समजून घेणे अगत्याचे आहे.

एक गोचीड, तीन रोग

खेड्यात ‘गोचीड ताप’ या एकाच नावाने जे आजार ओळखले जातात ते वस्तुतः निरनिराळे तीन आजार आहेत. त्यांपैकी थायलेरिया व बबेशिया या दोन रोगांचे जंतू एकपेशीय प्राणी या वर्गात मोडतात. तिसरा, म्हणजे ॲनाप्लाझ्मा, हा सूक्ष्मजीवाणू आहे. सर आर्नॉल्ड थायलर यांनी १९१० साली दक्षिण आफ्रिकेत त्याचे प्रथम वर्णन केले. पुढे कित्येक वर्षे त्याचीही गणना एकपेशीय प्राण्यांतच होत असे. तो जीवाणूंच्या रिकेट्सिया या गटाचा नातलग आहे, हे नंतरच्या संशोधनाने सिद्ध झाले. हा भेद केवळ पुस्तकी नाही. प्रतिजैविक औषधे जीवाणूंवर चालतात, म्हणून या तिघांपैकी ज्या एकावर त्यांचा भरवसा धरता येतो तो ॲनाप्लाझ्मा होय. थायलेरियासाठी बुपार्व्हाक्वोन आणि बबेशियासाठी डायमिनाझीन ही अगदी वेगळी औषधे लागतात. तिन्ही रोगांत ताप १०४ ते १०६ अंश फॅरनहाइटपर्यंत चढतो (निरोगी गाईचे तापमान साधारणतः १०१ ते १०२ अंशांच्या आसपास असते), अंगावर गोचिडी असतात आणि जनावर खाणे सोडते. तेव्हा नुसत्या तापावरून औषध ठरविणे म्हणजे अंधारात हात मारणे आहे.

गोठ्यात उभे राहून काही अंदाज मात्र बांधता येतो. बबेशियामध्ये रक्तातील तांबड्या पेशी रक्तवाहिन्यांतच फुटतात व त्यांतील रंगद्रव्य मूत्रावाटे बाहेर पडते, म्हणून मूत्र लालसर किंवा कॉफीसारखे होते. थायलेरियामध्ये खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी सुजते व ती हाताला सहज लागते. ॲनाप्लाझ्मामध्ये मूत्र लाल होत नाही. जंतू तांबड्या पेशीच्या आत, बहुधा तिच्या कडेला, ठाण मांडून बसतो. पेशी बिघडली हे शरीराच्या ध्यानी येताच प्लीहा तिला रक्तप्रवाहातून काढून नष्ट करते. पेशींचा नाश प्लीहेत होत असल्यामुळे रंगद्रव्य मूत्रात उतरत नाही, परंतु रक्त मात्र कमी कमी होत जाते. प्रथम पांढरेपणा, मागाहून पिवळेपणा, आणि मूत्र नेहमीच्याच रंगाचे, अशी ही खूण ध्यानात ठेवावी. गाभण गाय या आजारात गाभही टाकते.

अर्थात खूण ही खूणच. कधीकधी दोन रोग एकाच जनावरात एकत्र असतात. निश्चित निदान रक्ताच्या काचपट्टीवरूनच होते. कानाच्या टोकाजवळची शीर स्वच्छ सुईने टोचून निघालेला रक्ताचा लहानसा थेंब काचपट्टीवर पातळ पसरावा, हवेत वाळू द्यावा, पट्टीवर जनावराची खूण व तारीख लिहावी आणि माशा बसू न देता ती कागदात गुंडाळून दवाखान्यात पोहोचवावी. हे काम ग्रामसेवकाला शिकता येण्यासारखे आहे व दहा मिनिटांत होते. जिमसा या रंगाने रंगविल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशीच्या कडेशी जांभळट काळा ठिपका दिसतो. तालुक्याच्या दवाखान्यात सोय नसेल तर जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत, आणि गुंतागुंतीच्या वेळी पुण्यास औंध येथील रोग अन्वेषण विभागात नमुने तपासले जातात. मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळावे. काचपट्टी औषध टोचण्यापूर्वी घ्यावी. औषध दिल्यानंतर, त्याचप्रमाणे आजार फार लांबल्यानंतरही, रक्तात जंतू थोडेच उरलेले असतात. गाय पांढरीफटक पडलेली असताना काचपट्टी जवळजवळ स्वच्छ दिसते आणि पाहणारा फसतो.

शेताच्या मातीतून निघालेले औषध

ॲनाप्लाझ्मावर जे प्रतिजैविक मुख्यत्वे वापरले जाते ते ऑक्सिटेट्रासायक्लीन होय. त्याच्या कुळाची हकीकत शेतकऱ्याला आपली वाटावी अशी आहे. या कुळातील पहिले औषध अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या सॅनबॉर्न या शेतकी प्रयोगक्षेत्रातील मातीच्या नमुन्यात सापडले. बेंजामिन डगर या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिच्यातील सोनेरी रंगाच्या एका सूक्ष्मजीवापासून ते वेगळे केले व १९४८ साली ते जाहीर झाले. ज्या लेडर्ले प्रयोगशाळेत हे काम झाले तेथील संशोधनाची धुरा आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. ऑक्सिटेट्रासायक्लीन त्यानंतर दोन वर्षांनी, १९५० साली आले. पहिल्या पावसाने भिजलेल्या मातीला जो सुवास येतो, तोही मुख्यतः याच जातीच्या सूक्ष्मजीवांमुळे येतो.

जीवाणू जिवंत राहण्यासाठी व वाढण्यासाठी सतत प्रथिने तयार करीत असतो. टेट्रासायक्लीन वर्गातील औषध जीवाणूच्या शरीरातील प्रथिने बनविणाऱ्या यंत्रणेला जाऊन चिकटते व ते काम बंद पाडते. त्यामुळे जीवाणूची वाढ खुंटते. तो तत्काळ मरतो असे मात्र नव्हे. वाढ थांबलेल्या जंतूंचा निकाल जनावराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने लावावयाचा असतो. औषध लवकर देण्याचे महत्त्व यातच आहे, कारण अंगात शक्ती शिल्लक आहे तोवर औषध व शरीर मिळून काम करतात. रक्त आटून गेल्यावर औषधाला साथ देणारे कोणी उरत नाही. शिवाय नष्ट झालेल्या तांबड्या पेशी कोणतेही प्रतिजैविक परत आणू शकत नाही. त्या शरीरालाच नव्याने घडवाव्या लागतात व त्यास काही आठवडे लागतात.

आता पेनिसिलीन का चालत नाही ते पाहू. पेनिसिलीन जीवाणूभोवतीची भिंत बांधू देत नाही. ज्याला तशी भिंत आहे त्याच्यावर त्याचा प्रभाव पडतो. ॲनाप्लाझ्माला ती भिंतच नाही आणि वर तो रक्तपेशीच्या आत दडून बसलेला असतो. गावात ‘भारी इंजेक्शन’ म्हणून ज्यांची ख्याती आहे त्या अनेक महागड्या औषधांचीही गत तशीच होते. औषध किती महाग आहे यापेक्षा ते कोणत्या जंतूसाठी आहे हा प्रश्न प्रथम विचारावा.

मात्रेचा हिशेब

औषध लिहून देण्याचे व मात्रा ठरविण्याचे काम पशुवैद्यांचे आहे. तरीही तिचा हिशेब पशुपालकाला कळलेला बरा, कारण अर्धवट उपचार बहुतेक वेळा बाटली वाचविण्याच्या हेतूने होतात. साध्या ऑक्सिटेट्रासायक्लीनची मात्रा जनावराच्या वजनाच्या दर किलोस सुमारे १० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, तीन ते पाच दिवस अशी असते. दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रकाराची मात्रा दर किलोस २० मिलिग्रॅम असून ती एकदा खोल स्नायूत देतात व जरूर भासल्यास तीन दिवसांनी पुन्हा देतात.

वजन डोळ्यांनी अजमावण्यात मोठी चूक होते. त्यापेक्षा दोरी किंवा फीत घेऊन पुढच्या पायांमागे छातीचा घेर मोजावा, तसेच खांद्याच्या पुढील टोकापासून शेपटीच्या मुळाजवळील मागील हाडाच्या टोकापर्यंत लांबी मोजावी. दोन्ही मापे इंचांत घ्यावीत. घेराला घेराने गुणून त्याला लांबीने गुणावे व ३०० ने भागावे म्हणजे वजन पौंडांत येते. उदाहरणार्थ, घेर ६४ इंच व लांबी ५५ इंच असेल तर वजन सुमारे ७५० पौंड, म्हणजे ३४० किलो भरते. अशा गाईला साध्या प्रकाराचे ३,४०० मिलिग्रॅम औषध दररोज लागेल. एका मिलिलिटरात ५० मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून ते सुमारे ६८ मिलिलिटर होते. पुष्कळ ठिकाणी अशा गाईस एका वेळी २० किंवा ३० मिलिलिटर टोचून समाधान मानले जाते. त्याने ताप एखाद दिवस उतरतो, जंतू मात्र टिकून राहतात, आणि आठवड्याने गाय पुन्हा बसते. दीर्घकाळ टिकणाऱ्या २०० मिलिग्रॅम शक्तीच्या औषधाचे याच गाईला ३४ मिलिलिटर लागतील. ते सर्व एका जागी टोचू नये. एका जागी १० मिलिलिटरहून अधिक न देता चार जागी विभागून द्यावे, नाहीतर स्नायूला इजा होऊन सूज येते.

शिरेतून औषध द्यावयाचे झाल्यास ते अत्यंत सावकाश द्यावे लागते. हे औषध रक्तातील चुन्याच्या अंशाला, म्हणजे कॅल्शियमला, धरून ठेवते. घाईने दिल्यास जनावर धाडकन कोसळते. याच कारणास्तव कॅल्शियमच्या बाटलीत ते मिसळू नये. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराला टेट्रासायक्लीनची पूड किंवा गोळ्या तोंडाने पाजण्याचा प्रकारही टाळावा. त्याच्या पहिल्या पोटात चारा आंबविणारे उपकारक जीवाणू कोट्यवधींच्या संख्येने असतात. ते मारले गेल्यास आजारी गाईचे उरलेसुरले पचनही बंद पडते.

उपचार चालू असताना व औषध थांबल्यानंतरही, बाटलीवर छापलेल्या मुदतीपर्यंत, त्या गाईचे दूध घरात, डेअरीत किंवा वासराला देऊ नये. औषधाचा अंश दुधात उतरतो. अशा दुधाचे दही नीट लागत नाही हे काही गृहिणींच्या अनुभवास आलेलेही असेल, कारण विरजणातील जीवाणूंनाही ते औषध आवरते. उकळल्याने हा अंश नाहीसा होईल अशी खात्री बाळगता येत नाही.

जनावर चालवू नये

या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना औषधाविषयी नाही. जिचे रक्त फार कमी झाले आहे अशा गाईच्या शरीरास स्वस्थ उभे राहण्यापुरताच प्राणवायू कसाबसा मिळत असतो. तिला चालवले, पळवले, चारपाच माणसांनी धरून पाडले, तर तेवढ्यानेच ती दगावते. प्रारंभी वर्णिलेल्या गाईचा मृत्यू बहुतांशी असाच ओढवतो. म्हणून पापण्या पांढऱ्या दिसल्या की जनावर दवाखान्याकडे न नेता पशुवैद्यांना गोठ्यात बोलवावे. १९६२ या निःशुल्क क्रमांकावर दूरध्वनी करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी नोंद करता येते. पथक येईपर्यंत जनावर सावलीत बांधावे, पाणी व कोवळा हिरवा चारा तोंडाजवळ ठेवावा आणि बघ्यांची गर्दी करू नये. इंजेक्शन देतानाही शक्यतो एकट्या ओळखीच्या माणसाने मोरकी धरावी. रक्त अतिशय कमी झाले असल्यास निरोगी जनावराचे रक्त भरण्याचा उपायही पशुवैद्य करतात, आणि त्याने कित्येक जनावरे वाचतात.

वासरांची गोष्ट मात्र निराळी आहे. एक वर्षाच्या आतील वासरांना हा रोग बहुधा सौम्य होतो व ती आपोआप सावरतात. दोन-तीन वर्षांवरील जनावरांत तो उग्र स्वरूप धारण करतो. जेथे गोचिडी कमी आहेत अशा भागात वाढलेली मोठी संकरित गाय विकत घेऊन गोचिडीच्या गावात आणली तर तिला हा रोग फार जोराने होतो. जंतू शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते पाच आठवडे लोटतात. तोवर खरेदीचा दिवस मागे पडतो व दोष चाऱ्याला दिला जातो. नवी गाय आणल्यावर पहिले दोन महिने दर आठ दिवसांनी तिच्या पापण्या उलटून पाहाव्यात आणि तापमान घ्यावे.

बरी झालेली गाय रोगातून सुटली तरी जंतूपासून सहसा सुटत नाही. थोडे जंतू तिच्या रक्तात आयुष्यभर राहतात. तिला स्वतःला त्यांचा बहुधा त्रास होत नाही, उलट पुन्हा आजारी पडण्यापासून काहीसे संरक्षणच मिळते. तेव्हा ‘मुळापासून काढण्यासाठी’ तिला वारंवार प्रतिजैविक टोचणे व्यर्थ आहे. मात्र तिच्या रक्ताचा अंश दुसऱ्या गाईच्या अंगात गेला तर रोग तेथे पोहोचतो. हे काम गोचीड करतेच, चावऱ्या माशाही करतात, आणि सांगावयास खेद वाटतो, आपली सुईदेखील करते. लसीकरणाच्या दिवशी एकाच सुईने सगळी आळी टोचून काढणारा मनुष्य रोग वाटीत फिरत असतो. दर जनावरास वेगळी सुई, आणि शिंगे काढण्याची, खच्ची करण्याची व कानात बिल्ले मारण्याची हत्यारे दर वेळी निर्जंतुक केलेली, एवढे तरी ग्रामसेवकांनी आपल्या देखरेखीखाली घडवून आणावे.

प्रतिजैविकाने गोचीड मरत नाही हेही सांगितले पाहिजे. रक्त पिऊन फुगलेली एक मादी जमिनीवर पडून भिंतीच्या फटीत व गव्हाणीखाली दोन-तीन हजार अंडी घालते. म्हणून गोचीडनाशक औषध केवळ जनावराच्या अंगाला लावून भागत नाही. फटी बुजवून, चुना देऊन व पशुवैद्यांच्या सल्ल्याने गोठ्यातही फवारणी करून, दोन-तीन आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते.

माणसाला होणारा गोचीड ताप

गुरांच्या व कुत्र्यांच्या अंगावरील गोचिडी हातांनी ओढून बोटांनी चिरडण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. ती सोडावी. रिकेट्सिया गटातील दुसरा एक जीवाणू माणसाला गोचिडीपासून ताप आणतो. भारतीय गोचीड-टायफस या नावाने तो वैद्यकात ओळखला जातो व महाराष्ट्रात, विशेषतः लहान मुलांत, त्याचे रुग्ण आढळले आहेत. जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी आणि काही दिवसांनी अंगावर उठणारे, तळहात व तळपाय यांवरही दिसणारे लालसर पुरळ ही त्याची लक्षणे होत. येथेही पेनिसिलीन निरुपयोगी ठरते व टेट्रासायक्लीन कुळातीलच डॉक्सिसायक्लीन हे औषध गुण देते. तपासणीचा निकाल येण्याची वाट न पाहता, लक्षणांवरून संशय येताच डॉक्टर ते सुरू करतात, कारण विलंबाने मेंदू, फुफ्फुसे व मूत्रपिंडे यांवर परिणाम होऊ शकतो. वेळेवर सुरू केल्यास ताप बहुधा दोन दिवसांत उतरू लागतो. गुरांसाठी आणलेली बाटली मात्र माणसाने स्वतःवर कधीही वापरू नये.

सिंधुदुर्ग व गोव्याच्या रानालगतच्या गावांत आणखी एक सावधगिरी हवी. कर्नाटकातील क्यासनूर रानात १९५७ साली प्रथम ओळखला गेलेला माकडताप गेल्या दशकापासून त्या भागातही आढळला आहे. तोही गोचिडीमुळेच होतो, परंतु त्याचा जंतू विषाणू असल्याने कोणतेही प्रतिजैविक त्याच्यावर चालत नाही व रुग्णाला तातडीने रुग्णालयातच न्यावे लागते. ताप आलेला मनुष्य डॉक्टरांपुढे बसला असता गोचीड चावल्याची किंवा रानात, गोठ्यात काम केल्याची गोष्ट बहुधा सांगतच नाही, कारण ती त्याला क्षुल्लक वाटते. ग्रामसेवकांनी रुग्णाबरोबर चिठ्ठी देताना तेवढी एक ओळ तीत अवश्य लिहावी.